अजिंठ्याचा वर्ण आणि छापखान्याची शाई

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आज आपल्या समाजात घरोघर पोहोचले आहे. विहाराची भिंत, दिनदर्शिका, मंगल परिणयाची पत्रिका, वर्षावासातील प्रवचनमालेचे निमंत्रण, धम्मचक्र प्रवर्तन दिनी रस्तोरस्ती लागणारे फ्लेक्स, सर्वत्र मान किंचित कलती ठेवून खाली पाहणारी ती करुणामय आकृती दिसते. एके काळी ज्याचे दर्शन जाड ग्रंथांच्या महागड्या पानांपुरते मर्यादित होते, ते चित्र कामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत लागले, हे आम्हास मोठेच सांस्कृतिक कार्य वाटते.

परंतु या प्रती एकदा एकाशेजारी एक मांडून पाहाव्यात. आमच्यासमोर या क्षणी अशा पाच प्रती आहेत. एकीत बोधिसत्त्वाची कांती गुलाबी आहे, दुसरीत ती हळदीसारखी पिवळी आहे, तिसरीत दुधाळ. चौथ्या प्रतीत मुखावर तेवढा प्रकाश टाकला आहे आणि भोवतीचा परिवार काळोखात बुडवला आहे. पाचवी प्रत एका जुन्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची असून तिच्यात सर्वच काही विटकरी झाले आहे. लेण्यात उभे राहून जो तांबूस-सावळा, मातीशी नाते सांगणारा वर्ण आम्ही पाहिला, त्याच्या जवळ जाणारी प्रत या पाचांत आहे ती ही शेवटची, सर्वांत निकृष्ट कागदावरची. चांगल्या कागदावर चित्र बिघडावे आणि हलक्या कागदावर ते अधिक खरे उतरावे, या विसंगतीने आम्हास विचारात पाडले. प्रस्तुत लेख त्या विचारातून झाला आहे.

हा छापखान्याचा प्रश्न आहे, पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, एका पृष्ठभागावरचे रंग दुसऱ्या पृष्ठभागावर कसे उतरतात याचे भान आपल्या पिटकाला पुरेपूर आहे. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात गद्दुलबद्ध नावाची दोन लहान सुत्ते आहेत. त्यांतील दुसऱ्या सुत्तात तथागतांनी चित्रकाराची उपमा योजली आहे. रंगारी किंवा चित्रकार लाख, हळद, नीळ, मंजिष्ठा घेऊन नीट घासलेल्या फळीवर, भिंतीवर किंवा वस्त्रपटावर सर्वांगपूर्ण स्त्रीरूप वा पुरुषरूप उभे करतो; अज्ञ पृथग्जनही तसाच पुन्हा पुन्हा पंचस्कंधच निर्माण करीत राहतो, असा तिचा आशय. व्याख्याकारांचे लक्ष साहजिकच उपमेयाकडे जाते. आम्हास येथे उपमानाकडे लक्ष वेधावयाचे आहे. रंगांची यादी एकच आहे, पृष्ठभाग मात्र तीन सांगितले आहेत, आणि फळीला ‘सुपरिमट्ठ’ असे विशेषण लावले आहे. म्हणजे पृष्ठभागाची जात आणि त्याची तयारी हा चित्राचाच भाग आहे, हे उपमा देणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास दोघांसही ठाऊक होते.

मज्झिमनिकायातील वत्थ सुत्त याहून स्पष्ट आहे. मळके वस्त्र निळ्या, पिवळ्या, तांबड्या किंवा मंजिष्ठेच्या रंगात बुडवले तर ते ‘दुरत्तवण्ण’ निघते. स्वच्छ वस्त्र त्याच रंगात ‘सुरत्तवण्ण’ होते. रंग तोच, भांडे तेच, रंगारीही तोच. फरक वस्त्राचा. सुत्ताचा विषय चित्तशुद्धी हा आहे, मुद्रण नव्हे, हे आम्ही विसरत नाही. परंतु ज्या अनुभवावर ही उपमा उभी आहे तो अनुभव आजच्या मुद्रकाच्या रोजच्या कामातला आहे.

संगणकाचा किंवा भ्रमणध्वनीचा पडदा लाल, हिरवा व निळा असा तीन प्रकारचा प्रकाश एकत्र करून रंग दाखवतो. कागदावरचे मुद्रण याच्या उलट रीतीने चालते. कागदाची पांढरी पार्श्वभूमी हाच तेथे प्रकाश. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया त्या प्रकाशातून काही वजा करीत जातात. त्यामुळे पडद्यावर दिसणारे कित्येक झगझगीत रंग कागदावर येऊच शकत नाहीत. कागदाकागदातही भेद आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर चारही शायांची मिळून टक्केवारी तीनशेच्या वर नेता येते. वर्तमानपत्राच्या कागदावर ती दोनशे चाळीसच्या आसपास थांबवावी लागते, नाही तर शाई वाळत नाही आणि पुढच्या पानाला लागते. त्या कागदावर शाईचा ठिपका पसरतो, म्हणून मधल्या छटा आधीच मोकळ्या करून ठेवाव्या लागतात. फ्लेक्सचा पृष्ठभाग निराळा, त्यावरची शाई निराळी. एकाच चित्राची फाइल या सर्वांना जशीच्या तशी देणे म्हणजे मळके आणि स्वच्छ वस्त्र एकाच भांड्यात बुडवून सारखाच रंग निघण्याची अपेक्षा करणे होय.

ही अडचण सोडवण्यासाठी संगणक व छायाचित्रण क्षेत्रांतील कंपन्यांनी १९९३ साली इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन केली. तिची पद्धत थोडक्यात अशी : प्रत्येक साधनाची, मग तो पडदा असो, छपाईयंत्र असो वा विशिष्ट कागद असो, एक वर्णपत्रिका तयार करावयाची. तिला प्रोफाइल म्हणतात. हे साधन अमुक आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग दाखवते, हे तिच्यात मानवी दृष्टीवर आधारलेल्या एका सामाईक मापात नोंदलेले असते. मग एका साधनाचे चित्र दुसऱ्यावर नेताना संगणक दोन्ही पत्रिका पाहून आकडे बदलतो. जे रंग दुसऱ्या साधनाच्या आवाक्यात नाहीत त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो संगणक सोडवीत नाही. त्याच्या चार रीती ठरलेल्या आहेत. आमच्या विषयापुरत्या त्यांतील दोन महत्त्वाच्या. एका रीतीत सर्व रंग प्रमाणात आवळून घेतले जातात. प्रत्येक रंग थोडा बदलतो, परंतु त्यांचे परस्परांतील अंतर टिकते. दुसरीत आवाक्यातले रंग जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे तेवढे काठावर आणून ठेवले जातात. पहिलीत सर्वांनी थोडे सोसावयाचे, दुसरीत बाहेरच्यांनी. कोणती रीत घ्यावयाची हे माणसाने ठरवावयाचे असते. बहुतेक ठिकाणी ते कोणीच ठरवीत नाही. यंत्रात आधीपासून जे निवडलेले असेल ते चालू राहते.

आता अजिंठ्याकडे वळू. येथील चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली भित्तिचित्रे नव्हेत. तंतू, तूस इत्यादी मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर पातळ पांढरा लेप देऊन, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी ती काढली आहेत. तांबडी व पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती व चुना हे मुख्य रंग. वाकाटककालीन लेण्यांत यांच्या जोडीला लाजवर्दाचा निळा येतो; तो मात्र दूरच्या व्यापारमार्गाने आलेला पाषाण आहे. लाजवर्द सोडला तर ही सारी सामग्री मातीची आहे, आणि मातीचे रंग भडक नसतात.

येथेच आमच्या मते या प्रश्नाचे मर्म आहे. भडक रंग हे मुद्रणाच्या आवाक्याबाहेर असतात. गेरू, पिवडी, हिरवी माती यांच्या छटा चांगल्या आर्ट पेपरवरील चार शायांच्या आवाक्यात सहज बसतात. वर्तमानपत्राच्या कागदावर गडद छटांची खोली कमी होईल, लाजवर्दाचा निळा मंद होईल, एवढेच. याचा अर्थ असा की, पद्मपाणीची कांती गुलाबी झाली तर तो दोष कागदाचा नाही, शाईचा नाही, यंत्राच्या मर्यादेचाही नाही. यंत्राला तो तांबूस-सावळा रंग देता येत होता. कोणी तरी तो देऊ नये असे ठरवले, किंवा कोणीच काही ठरवले नाही आणि आधीपासून चालत आलेल्या सवयीने ते ठरवून टाकले.

मूळ रंग तरी कोणता, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो आक्षेप हलका नाही. प्रतिकृतींचा इतिहास पाहिला तर प्रत्येक पिढीने आपल्या साधनाप्रमाणे मूळ ठरवलेले दिसते. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकात कॅनव्हासवर तैलरंगांत प्रती करण्यास आरंभ केला. मातीच्या निस्तेज, कोरड्या पृष्ठभागाचे हे तेलाच्या चकाकीत झालेले भाषांतरच होते. त्यांच्या जवळजवळ दोन दशकांच्या श्रमांतील बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी नव्याने प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. यांतीलही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६ पासून प्रसिद्ध झाला, तेव्हा भिंतीवरून कॅनव्हासवर आणि कॅनव्हासवरून छापील पानावर असे दुहेरी स्थलांतर रंगांनी केले होते.

या प्रयत्नांची एक वेदनादायक बाजू आहे. चित्रे नीट दिसावीत म्हणून प्रत करणाऱ्यांनी भिंतींवर व्हार्निश चढवले. निजाम सरकारने बोलावलेले इटालियन तज्ज्ञ लॉरेन्झो चेक्कोनी व त्यांचे सहकारी यांनी १९२० ते १९२२ या काळात चित्रे पक्की करण्याचे मोलाचे काम केले, परंतु त्यांनीही लाखेचे रोगण वापरले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि त्यावर धूळ बसली. प्रत चांगली यावी म्हणून मूळच बदलले गेले, असा हा प्रकार आहे. गुलाम याझदानी यांचे चार भागांतील प्रकाशन १९३० ते १९५५ या काळात निघाले. आपल्या प्रतिकृती छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत असे त्याच्या शीर्षकातच सांगितले आहे, आणि हा प्रामाणिकपणा आम्हास फार मोलाचा वाटतो. तरी त्या कॅमेऱ्यासमोर जी भिंत होती ती रोगण चढलेली भिंत होती. त्याआधी लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेतून १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने काढलेला ग्रंथ नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद अशा चित्रकारांच्या हातून उतरला. तेथे साधन म्हणजे चित्रकाराची दृष्टी. अलीकडे बिनॉय बहल यांनी अत्यंत मंद प्रकाशात दीर्घकाळ कॅमेरा उघडा ठेवून घेतलेली छायाचित्रे १९९८ साली ग्रंथरूपाने आली. जुन्या तपकिरी पानांची सवय झालेल्या डोळ्यांस ती चकित करतात. तथापि त्या पानांवर जे दिसते ते लेण्यात उभ्या असलेल्या उपासकास त्या क्षणी दिसत नाही, कारण कॅमेरा प्रकाश साठवू शकतो, डोळा नाही. कोणाचे खरे मानावयाचे?

आमचे मत असे की, एकेका रंगाचे मूळ आकडे शोधण्यात अर्थ नाही. रंगांमधील नाते शोधावे. अजिंठ्याच्या चित्रकाराने एकाच दृश्यात गौर, गव्हाळ, तांबूस, सावळ्या, हिरवट-काळ्या कांतीची माणसे शेजारीशेजारी बसवली आहेत. पहिल्याच लेण्यातील ‘कृष्ण राजकन्या’ म्हणून ओळखली जाणारी स्त्री ही त्या चित्रकाराच्या श्रेष्ठ निर्मितींपैकी एक आहे. या वर्णभेदातून त्या काळच्या समाजरचनेबद्दल अनुमान काढण्याचा मोह काहींना होतो. आम्ही त्यात पडत नाही, कारण त्यास आधार नाही. एवढे मात्र डोळ्यांनी दिसते की, सावळी व्यक्ती तेथे कुरूप नाही, हीन नाही, कोपऱ्यात ढकललेली नाही. रोगण पिवळे पडले तेव्हा सर्वांवर सारखेच पिवळे पडले, नाते टिकले. आमच्यासमोरची विटकरी प्रत खरी वाटते ती याच कारणाने. कागदाने सर्वांचेच नुकसान केले आहे, कोणा एकाचा पक्ष घेतलेला नाही. गुळगुळीत कागदावरच्या चार प्रतींत मात्र बोधिसत्त्वाची त्वचा वेगळी निवडून तेवढीच बदलली आहे. हे साधनाशी जुळवून घेणे नव्हे. हा हस्तक्षेप होय.

आणि हा हस्तक्षेप आपल्या भाषेतील एका साध्या शब्दाच्या आडून घडतो. काही वर्षांपूर्वी एका छापखान्यात आम्ही असेच एक मुखपृष्ठ घेऊन गेलो असता संगणकावर बसलेल्या तरुणाने विचारले, “सर, जरा उजळ करू का?” आम्ही होकार दिला. कागद शोषक होता, चित्र मोकळे करणे भागच होते. छापून आले तेव्हा पार्श्वभूमी होती तशीच काळवंडलेली होती आणि बोधिसत्त्व गोरा झाला होता. त्या तरुणाचे काही चुकले नव्हते. मराठीत ‘उजळ’ म्हणजे अधिक प्रकाशाचे, आणि ‘उजळ’ म्हणजे गोरेही. मुलीचे स्थळ सांगताना जो शब्द वापरतात तोच छापखान्यात वापरला जातो. आम्ही एका अर्थाने हो म्हटले, त्याने दुसऱ्या अर्थाने केले. आणि दोष द्यावयाचा तर आम्ही प्रूफ न पाहताच घरी गेलो, त्या आमच्या आळसाला द्यावा लागेल.

पालीतील ‘वण्ण’ शब्दाचेही असेच आहे. रंग, कांती, रूप, स्तुती आणि चातुर्वर्ण्यातील वर्ण हे सारे अर्थ तो वाहतो. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे तथागतांना सांगतात की, ब्राह्मण आमची निंदा करतात. ब्राह्मण हाच शुक्ल वर्ण, इतर सारे कृष्ण, असे ते म्हणतात. म्हणजे श्रेष्ठत्वाचा दावा तेथे रंगाच्या भाषेतच केलेला आहे. तथागतांचे उत्तर प्रसिद्ध आहे : शुक्ल आणि कृष्ण ही कर्मांची नावे आहेत, आणि दोन्ही प्रकारची कर्मे चारही वर्णांत आढळतात. त्याच सुत्तात पुढे जगाच्या आरंभीची कथा येते. पृथ्वीचा रस खाऊन प्राण्यांच्या कांतीत फरक पडू लागला, सुवर्ण असलेल्यांनी दुर्वर्णांना तुच्छ लेखले, आणि त्या वर्णाभिमानामुळे तो रसच लोपला. सोणदण्ड सुत्तात तर एक विद्वान ब्राह्मणच, ब्राह्मण्याच्या पाच अंगांतून एखादे वगळावयाचे झाल्यास प्रथम वण्ण वगळावा, असे कबूल करतो. विनयपिटकातही नवे चीवर मिळाल्यावर भिक्खूने ते निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट रंगाने डागाळून ‘दुब्बण्ण’ केल्याशिवाय वापरू नये, असा नियम आहे. नव्याची झळाळी मुद्दाम घालवावयास सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी बोधिसत्त्वाला झळाळी चढवण्याची एवढी घाई का करावी?

यावर एक प्रतिवाद आम्हास ऐकावा लागला आहे, आणि तो करणारे स्वतः बहुश्रुत उपासक आहेत. ते म्हणतात, बत्तीस लक्षणांत तथागतांची त्वचा सुवर्णवर्ण सांगितली आहे. मग चित्र उजळ केले तर बिघडले कोठे? लक्षण सांगितले आहे, हे खरे. परंतु दीघनिकायातील लक्खण सुत्त त्या लक्षणाचे कारणही सांगते. पूर्वजन्मांत क्रोध न करणे आणि मृदू वस्त्रांचे दान करणे, यांचे ते फळ आहे. तेथे कांती ही आचरणाची खूण आहे, कुळाची नव्हे. शिवाय सोने म्हणजे गोरेपण नव्हे. सोन्याचा रंग मुद्रणाच्या चार शायांत देताच येत नाही, कारण सोन्याची ओळख त्याच्या चमकण्यात आहे. शाईत उतरतो तो केवळ पिवळा-तपकिरी. म्हणजे सुवर्णवर्णाचा आग्रह धरावयाचा तर छापील कांती गुलाबी न होता गव्हाच्या, हळदीच्या बाजूस झुकावयास हवी. गुलाबीसाठी पिटकात आधार सापडत नाही. तो सापडतो गेल्या शतकातील छायाचित्रण-व्यवसायात.

कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रांच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी नमुनापत्रे पाठवीत असे, त्यांवर दीर्घकाळ एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिच्या नावावरून त्यांना शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर, असा तो हिशेब होता. कॅनडातील संशोधिका लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा इतिहास मांडला आहे. तपकिरी छटा नीट उतरत नाहीत ही तक्रार कंपनीने गांभीर्याने घेतली ती चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या जाहिरातदारांकडून आली तेव्हा, असेही त्यात नमूद आहे. कृष्णवर्णीय माणसांच्या चेहऱ्यांसाठी नव्हे, चॉकलेटसाठी! मुद्रणाच्या जुन्या हस्तपुस्तिकांतील ‘त्वचेच्या रंगा’चे शायांचे प्रमाणही असेच गोऱ्या त्वचेवर बेतलेले असे. आपल्याकडचा तरुण संगणकावर ‘स्किन टोन’ची तयार कळ दाबतो, तेव्हा ती कोणाची त्वचा, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमांविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपणास ज्ञात असलेली त्यांची बहुसंख्य छायाचित्रे कृष्णधवल आहेत. दिनदर्शिकांवरील निळा कोट, लाल टाय आणि गुलाबी गाल हे रंगवणाऱ्याच्या हातचे आहेत. निळ्या रंगाचे आम्ही स्वागतच करतो. तो चळवळीचा रंग आहे, आणि चित्रकाराने तो हेतुपूर्वक दिला. गालांचा गुलाबी रंग कोणत्या हेतूने दिला? छायाचित्रातील करड्या छटा ज्या चेहऱ्यावर चिंतन, जागरण आणि कष्ट दाखवतात, तो चेहरा दरवर्षी अधिक गुळगुळीत व अधिक गुलाबी होत चालला आहे. येथे भिंत नाही, रोगण नाही, मूळ रंगाचा पुरावाही नाही. त्यामुळे सबबही नाही. जे आहे ते सर्व आपण निवडलेले आहे, आणि निवडणारे आपलेच लोक आहेत, हे मान्य केले पाहिजे. छापखान्यात “साहेब जरा गोरे करा” असे सांगणारा कार्यकर्ता आम्ही स्वतः पाहिला आहे. त्याच्या श्रद्धेविषयी आम्हास तिळमात्र शंका नाही.

निळ्याचीही एक गंमत सांगून टाकू. पडद्यावरचा गडद निळा हा चार शायांच्या आवाक्याबाहेरचा रंग आहे. सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारख्या प्रमाणात पडल्या की तो जांभळा होतो. म्हणून जाणता मुद्रक मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा बरेच खाली ठेवतो. १४ एप्रिलला जांभळे झालेले निळे झेंडे आपण सर्वांनीच छापील पत्रकांवर पाहिले आहेत. पाली ‘नील’ शब्द निळ्यापासून काळसर हिरव्यापर्यंत बराच मोठा प्रदेश व्यापतो, परंतु जांभळ्याला त्यातही जागा देणे आम्हास जड जाते. येथे मात्र दोष खरोखरच साधनाच्या मर्यादेचा आहे, आणि थोड्या काळजीने तो दूर होतो. ज्या रंगासाठी यंत्र खरोखर अडते तेथे आपण काळजी घेत नाही, आणि जेथे यंत्र मुळीच अडत नाही तेथे आपण बदल करतो, असा हा उलटा व्यवहार आहे.

प्रस्तुत अंकाच्या आतील पानावर पद्मपाणीचे जे चित्र दिले आहे ते एकाच काळ्या शाईतले आहे, कारण आमच्यासारख्या नियतकालिकास आतील पाने चाररंगी करणे परवडत नाही. एकरंगी रूपांतरात रंग पूर्णच जातात, म्हणून निवड अधिक कठीण होते. गेरूचा तांबडा आणि मातीचा हिरवा यांची प्रकाशमात्रा सारखी असेल तर दोन्ही एकाच करड्यात मिसळून जातात, आणि बाह्यरेषाच हरवते. पहिल्या प्रूफात छापखान्याने चित्राचा केवळ लाल घटक घेतला होता. त्यात भिंतीवरचे तपकिरी डाग नाहीसे होऊन चित्र स्वच्छ दिसत होते. परंतु तांबूस त्वचा त्या घटकात नेहमीच फिकी येते, म्हणून बोधिसत्त्व पुन्हा गोरा झाला होता आणि सावळ्या परिवाराचे चेहरेही त्याच्याच रंगाचे झाले होते. आम्ही ते परत पाठवून हिरव्या घटकावरून नवे प्रूफ मागवले, आणि चित्राखाली मूळ छायाचित्राचे वर्ष व केलेले रूपांतर नोंदवावे असे सांगितले. दुसऱ्या प्रूफात डाग परत आले आहेत. डाव्या बाजूचा गिलावा पडल्याची जागाही दिसते. बोधिसत्त्वाची त्वचा मधल्या करड्यात आहे, त्याच्या गळ्यातील मोत्यांना कागदाचा पांढरा रंग तसाच सोडला आहे, आणि मागे उभी असलेली सावळी आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी ओळखू येते. त्या प्रूफावर आम्ही सही केली.